पगार पुण्याचा, खुर्ची परदेशातली

पोरी, तिकीट काढायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. ब्यागा भरून झाल्यावर जे विचारायला येतात, त्यांची ऐकायची तयारी तोवर संपलेली असते.

आपल्या बार्शीटाकळीत आता गल्लीगल्लीत एखादं तरी लेकरू पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या कंपनीचं काम घरी बसून करतं. कोरोनात हे सुरू झालं ते टिकलं. घरोघरी इन्व्हर्टर आला, फायबरची वायर आली, माडीवरच्या खोलीत टेबल-खुर्ची आली. मग पुढचा विचारही ओघानं येतोच, की काम लॅपटॉपवरच आहे तर इथं बसून केलं काय अन् बँकॉकात बसून केलं काय. तुझा धाकटा भाऊ तर मला सरळच म्हणाला, "मामाजी, पगार आपल्या इथल्या खात्यात येते, तिथल्या कोणाची नोकरी आपण हिसकत नाही, मंग कोणाले काय तरास?"

त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. पण माझा उभा जन्म अकोल्यात लोकांचे आयकराचे कागद करण्यात गेला, आणि त्या कामानं एक सवय लावली. पैसा कुठल्या खात्यात पडला हे नंतर बघायचं. माणूस कुठं बसून कमावत होता ते आधी विचारायचं. परक्या देशाचा अधिकारीही आधी तेच विचारतो. काम करताना तुझी खुर्ची कुठं होती? ती त्याच्या देशात असेल, तर पगार कोण देतं आणि कुठं देतं हा पुढचा मुद्दा झाला. व्हिसावर तू कशासाठी आलीस ते लिहिलेलं असतं, आणि परवानगी तेवढ्यापुरतीच असते. लॅपटॉपवरच्या कामाला ती परवानगी लागू पडते का, याचं उत्तर दर देशात वेगळं आहे. म्हणून मैत्रिणीला काय चाललं ते ऐकून निघू नकोस. ती गेली त्या देशाचा, त्या सालचा नियम तिच्यापुरता होता.

तुझ्यापासूनच सुरू करू. तू जावईबापूंच्या मागं न्यू जर्सीला निघालीस, त्यांचा नोकरीचा एच-१बी व्हिसा, तुझा त्यांच्या बायकोच्या नात्यानं एच-४. पुण्याची कंपनी म्हणते की काम सोडू नकोस, तिथून कर. तुला वाटतं प्रश्नच मिटला. प्रश्न इथूनच सुरू होतो.

एच-४ वर नोकरी करायची तर वेगळं परवानगीचं कार्ड लागतं, ज्याला सगळे ईएडी म्हणतात. ही सोय २६ मे २०१५ पासून झाली, आणि तीही सरसकट नाही. नवऱ्यासाठी कंपनीनं ग्रीनकार्डाकरता भरलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो, किंवा ग्रीनकार्डाच्या रांगेमुळं त्याच्या एच-१बीला सहा वर्षांच्या पुढं मुदतवाढ मिळालेली असावी लागते. जावईबापूंचं अजून यातलं काहीच झालेलं नाही. म्हणजे निदान काही वर्षं तुझ्याकडं ते कार्ड नसणार.

आता कार्ड नसताना पुण्याचं काम तिथल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलं तर? अमेरिकेच्या नियमात नोकरीची जी व्याख्या आहे, तिचा आशय असा, की नोकरानं मालकासाठी केलेली सेवा किंवा श्रम, आणि शेवटी 'अमेरिकेत'. यातलं 'अमेरिकेत' कशाला लावायचं? मालकाला लावलं तर पुण्याचा मालक अमेरिकेत नाही, तू सुटलीस. श्रमाला लावलं तर श्रम अमेरिकेतच झाले, तू अडकलीस. वकिलांमध्ये यावर दोन तट आहेत. म्हणून 'चालतं' असं छातीठोकपणे सांगणारा भेटला तर त्याच्याकडून ते लेखी माग. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेकांचा आवाज खाली येतो.

सावधपणाच्या बाजूनं का राहायचं, तेही सांगतो. पुढं ग्रीनकार्डाचा आय-४८५ फॉर्म भरशील, त्यात प्रश्न आहे: तुम्ही कधी परवानगीशिवाय काम केलं आहे का? त्याच्याखाली सही असते, आणि खोटं लिहिलं तर मूळ चुकीपेक्षा ते खोटं जास्त महागात पडतं. आज कोणी दार ठोठावणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण दहा वर्षांनी तो प्रश्न समोर येईल तेव्हा तुझ्या खात्यातले दर महिन्याचे पगार तिथं तसेच उभे असतील.

या बाबतीत हाँगकाँगच्या शिंप्याचा एक जुना निवाडा वकील मंडळी नेहमी सांगतात, तो तूही ऐकून ठेव. हाँगकाँगच्या एका शिलाई दुकानाचा माणूस, आडनाव हिरा, धंद्याच्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत गेला. तो गिऱ्हाइकांची मापं घ्यायचा, ऑर्डर लिहून घ्यायचा आणि हाँगकाँगला पाठवायचा. कपडे तिकडं शिवले जायचे. ही नोकरी धरायची की धंद्याची भेट, असा वाद झाला. १९६५-६६ मध्ये निकाल लागला की ही धंद्याची भेट आहे, कारण खरा धंदा आणि नफा बाहेरच्या देशात होता आणि मुक्काम तात्पुरता होता. बी-१ वर, म्हणजे धंद्याच्या त्या तात्पुरत्या व्हिसावर, बैठकीला जाणं, करार बोलणं, परिषदेला बसणं चालतं, त्याच्यामागं हा विचार आहे. कोणी तुला हा निवाडा दाखवून धीर देईल. पण तो मापं घेऊन परतणाऱ्या माणसाचा आहे, आणि बी-१ चा आहे. तू रोज आठ-नऊ तास, महिनोन्महिने, तुझं सगळं मुख्य काम तिथं राहून करणार, तेही एच-४ वर. या दोन्हीत फार अंतर आहे. टुरिस्ट म्हणून, बी-२ वर जाऊन असं करणाऱ्याचं अंतर तर त्याहून जास्त.

मग काय करायचं? कंपनीकडं बिनपगारी रजा माग. एक वर्षाची मिळाली तर तेवढी. एच-४ वर शिकायला मुभा आहे, तिथल्या कॉलेजात एखादा अभ्यासक्रम धर. रजा मिळत नसेल आणि काम करायचंच असेल, तर अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन, तुझी सगळी परिस्थिती सांगून, लेखी मत घे. इथल्या तिकीट एजंटाचं मत या कामाला उपयोगाचं नाही. आणि माझं म्हणणं विचारशील तर मी रजाच घ्यायला सांगेन. तुला राबायची सवय आहे, रिकामं बसणं तुला जड जाईल, हे मला कळतं. नोकरी सुटली की बाईचा हात आखडतो हेही मी आपल्याच घरात पाहिलंय. तरी ग्रीनकार्डाची रांग लांब आहे, आणि त्या रांगेत उभं राहताना कागद साफ असावेत.

आता कराचं. हे माझ्या हयातीचं काम, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. व्हिसाचा नियम वेगळा आणि कराचा वेगळा, एकात सुटलीस म्हणून दुसऱ्यात सुटलीस असं होत नाही. पगाराचं उत्पन्न कुठलं, हे अमेरिका मेहनत कुठं झाली त्यावरून ठरवते. पुण्याच्या खात्यात रुपयांत पडलेला पगारही, तिथं बसून कमावला असेल तर तिच्या हिशेबी तिच्या मातीतला. एक छोटी सवलत आहे: परकी कंपनी, वर्षात ९० दिवसांपर्यंतचा मुक्काम आणि ३,००० डॉलरपर्यंतची कमाई, एवढ्यापुरती. इथं टीडीएस कापला म्हणजे तिथलं देणं मिटलं, असं समजू नकोस. दोन देशांतल्या कराराचा फायदा विवरणपत्र भरूनच मिळतो. आपल्याकडंही वर्षात १८२ दिवस इथं राहिलीस की नाही यावर तुझा दर्जा फिरतो. म्हणून पासपोर्टावरच्या येण्याजाण्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेव.

आणि पगाराची स्लिप बघ. एका पोराची स्लिप माझ्याकडं आली होती. महिना, बेसिक, पीएफची कपात, सगळं नीट, आणि कामाचं ठिकाण म्हणून छापलेलं 'हिंजवडी, पुणे'. तो चार महिने परदेशात होता. कंपनीच्या सर्व्हरवर लॅपटॉप कुठून जोडला त्याची नोंद रोज होत होती, स्लिपवर मात्र हिंजवडीच. उद्या कोणी हे दोन कागद शेजारी ठेवले तर खुलासा त्यालाच करावा लागणार. म्हणून कंपनीची परवानगी लेखी घ्यायची, आणि त्यात देशाचं नाव, तारखा आणि कुठल्या व्हिसावर, हे तिन्ही आलं पाहिजे. मॅनेजर फोनवर 'जा, काही होत नाही' म्हणाला, तर आभार मान आणि त्याला मेल टाकायला सांग. कंपन्यांनाही धास्ती असते. माणूस तिथं बसून काम करत राहिला तर त्या देशाचं करखातं कंपनीचंच ठाणं तिथं धरू शकतं. शिवाय बँक आणि हॉस्पिटलची माहिती देशाबाहेर उघडायची नाही असं ग्राहकाशी करारात लिहिलेलं असतं. व्हीपीएन लावून जागा लपवायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नकोस. नोकरी त्याच एका गोष्टीवर जाते.

तुझ्या थोरल्या बहिणीचं लंडनला बाळंतपण आहे, त्यासाठी मावशीची लेक दोन महिने जायचं म्हणते, तिला मात्र मोकळ्या मनानं जाऊ दे. ब्रिटननं ३१ जानेवारी २०२४ पासून नियम स्पष्ट केला आहे: व्हिजिटर म्हणून आलेला माणूस बाहेरच्या देशातल्या आपल्या नोकरीचं काम तिथून करू शकतो, फक्त तेच येण्याचं मुख्य कारण नसावं. ती बहिणीसाठी चालली आहे, दुपारी बाळ-बाळंतीण झोपली की लॅपटॉप उघडेल, एवढं त्यात बसतं. तिथल्या कंपनीचं किंवा तिथल्या गिऱ्हाइकाचं काम घ्यायचं नाही. आणि सहा महिने राहून आली, पुन्हा सहा महिन्यांसाठी गेली असं केलं तर अधिकारी मुख्य कारणच विचारणार.

कॅनडाचंही मोकळं आहे. बाहेरच्या मालकाचं काम करणारा माणूस व्हिजिटर म्हणून सहा महिन्यांपर्यंत राहून ते करू शकतो, असं तिथलं इमिग्रेशन खातंच सांगतं. कॅनडातली नोकरी मिळाली तर वर्क परमिट वेगळं. न्यूझीलंडनं २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर अशी मुभा दिली, ९० दिवसांच्या पुढं राहिलं तर कराचं बघायला लागतं. हे तीन देश झाले, जिथं लिहून ठेवलंय. ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसावर ८१०१ नंबरची अट असते, काम करायचं नाही अशी. युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस हिंडता येतं, पण त्यानं नोकरी करायचा हक्क मिळत नाही. जिथं लिहिलेलं नाही तिथं मुभा आहे असं धरू नकोस.

आता तुझ्या भावाचं थायलंड. चार मित्र, समुद्रकिनारा, दिवसा काम, संध्याकाळी भटकंती. १५ जुलै २०२४ पासून थायलंडनं भारतीयांना ६० दिवस बिनव्हिसा येऊ दिलं, म्हणून त्याला वाटतं की आता काय उरलं. ती सवलत फिरायला येणाऱ्याची. तिथं परक्यानं काम करायचं तर परमिट लागतं, असा २०१७ चा त्यांचा कायदा आहे. पण त्याच जुलै २०२४ मध्ये त्यांनी डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला, तो अशा पोरांसाठीच आहे. पाच वर्षांचा, एका खेपेला १८० दिवस, वय किमान २०, खात्यात पाच लाख बाथ दाखवायचे, आणि फी दहा हजार बाथच्या घरात. त्याच्या खात्यात एवढे नाहीत, हे त्यानं कबूल केलं. मग त्यानं सुट्टी टाकून जावं, लॅपटॉप घरी ठेवावा आणि मनसोक्त हिंडून यावं. पैसे साठले की पुढच्या खेपेला डीटीव्ही. बिनव्हिसाच्या सवलती अचानक बदलतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर पुन्हा बघायचं.

असे खास व्हिसे आता पुष्कळ झालेत. एस्टोनियाचा ऑगस्ट २०२० पासून आहे. दुबईचा एक वर्षाचा आहे, महिना ३,५०० डॉलर कमाई दाखवावी लागते. मलेशियाचा डीई रांताऊ ऑक्टोबर २०२२ पासून, संगणकवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलर. पोर्तुगाल आणि स्पेननंही २०२२ मध्येच दार उघडलं. पैसे जास्त लागतात, कागद जास्त लागतात, पण मान वर करून राहता येतं.

"कोणाले काय कयते?" हे त्याचं दुसरं पालुपद. कळतं. विमानतळावरचा अधिकारी फोन आणि लॅपटॉप उघडायला सांगू शकतो. आपणच समुद्रकिनाऱ्यावर लॅपटॉप घेऊन फोटो टाकतो. घरमालक, शेजारी, नोकरीवरून भांडण झालेला सहकारी, कोणीही कळवू शकतो. आणि एकदा परत पाठवलं की पुढं ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, कुठल्याही फॉर्मवर 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला का, हद्दपार केलं का' हा रकाना भरावाच लागतो. काउंटरवर विचारलं तर खरं तेच सांगायचं, थोडक्यात सांगायचं. खरं सांगितल्यानं अडेल असं वाटत असेल, तर त्या व्हिसावर निघूच नये.

एक गोष्ट मात्र मला झोप लागू देत नाही, आणि ती तुझ्या भावासारख्या नोकरीवाल्यांची नाही. आपल्या तालुक्यात कापूस-सोयाबीनच्या भरवशावर राहिलेली, पदवी घेऊन घरी बसलेली पोरं आहेत. त्यांना मोबाइलवर निरोप येतो: बँकॉकला डेटा एंट्रीचं काम, पगार डॉलरमध्ये, टुरिस्ट म्हणून या, व्हिसा आम्ही तिथं बदलून देऊ. बँकॉकला उतरलं की गाडी थेट म्यानमारच्या हद्दीकडं, माए सोतमार्गे म्यावाड्डीला. तिथं पासपोर्ट काढून घेतात आणि बंदुकीच्या धाकात लोकांना ऑनलाइन लुबाडायच्या कामाला बसवतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून भारत सरकारनं दोन दिवसांत २८३ आणि २६६, मिळून ५४९ जण परत आणले. कोणाची तरी लेकरं होती ती.

तेव्हा 'व्हिजिटवर या, तिथं बदलू' हे वाक्य ऐकू आलं की तिथंच थांबायचं, मग बोलणारा नात्यातला का असेना. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानं सरकारी नोंदणी लागते. त्याचा नंबर ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासता येतो, दहा मिनिटांचं काम आहे. दुबईतही व्हिजिट व्हिसावर कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे, म्हणजे खरा मालक असं बोलावणारच नाही. तू जायच्या आधी कालंकामातेच्या देवळात येणाऱ्या त्या पोरांना, तुझ्या वर्गातल्या त्यांच्या भावांना, हे सांगून जा. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

राहिली आपल्या घरची गोष्ट. दिवाळीला शिकागोची ताई येते, तिचा नवरा जन्मानं अमेरिकन. दोघंही महिनाभर इथूनच काम करू म्हणतात. ताईकडं ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड आहे. तिला इथं राहून कंपनीचं काम करता येतं. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण अशा मोजक्या गोष्टींना तेवढी वेगळी परवानगी लागते. तिच्या नवऱ्याचा ई-टुरिस्ट व्हिसा आहे. तो फिरण्याचा, नातेवाइकांना भेटण्याचा. लॅपटॉपवाल्या पाहुण्यांसाठी वेगळा व्हिसा आपल्या देशानं काढलेला नाही, गोव्याच्या किनाऱ्यावर कितीही जण बसलेले दिसोत. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा लागू झालाय, व्हिसाची अट मोडली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड त्यात आहे. तेव्हा जावयाला प्रेमानं सांगायचं की सुट्टी घेऊनच या. त्यांच्या नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाली की त्यालाही ओसीआयसाठी अर्ज करता येईल. मग खुशाल माडीवर टेबल मांडू दे.

आणि तो आपल्या घरी उतरला की २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं, हॉटेलवाल्यासारखंच घरमालकालाही. आपल्या जिल्ह्यात हे काम अकोल्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं येतं, काही अडलं तर तिथं विचारता येईल. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचा फोटो लागतो, तो ताईकडून आधीच मागवून ठेव. तू दिवाळीच्या आधी निघणार, तेव्हा घराचं लॉगइन तयार करून तुझ्या बाबांना एकदा ते भरून दाखव.